लालबागच्या परमिट रूममध्ये सात पेले: कमी अल्कोहोलच्या क्राफ्ट बिअरची तुलना

लालबागमधली ही परमिट रूम जुनी आहे. खाली नॉन-एसी, वर एसी, दोन्हीकडचे दर वेगळे, स्वयंपाकघर मालवणी. गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळी सुटली की इथे बसायला जागा मिळायची नाही, असं मालक सांगतात. आता आसपासच्या टॉवरमधले लोक येतात, लोअर परळच्या ऑफिसांतून चालत येणारी पोरं-पोरी येतात, आणि चाळींतले काही काका अजून नेमाने येतात. मालकांची मुलगी हॉटेल मॅनेजमेंट करून, बाहेर थोडी वर्षं नोकरी करून घरच्या धंद्यात उतरली. रोजची बिलं चाळताना तिच्या लक्षात आलं की जेवण छान खपतं, पण माणशी बिअर एकच जाते.

"बाबा, लोकांना दुसरी हवी असते. पण पहिलीच साडेसहाशे मिलीची स्ट्राँग. ती संपेपर्यंत डोकं जड होतं, मग बिल मागवतात."

"मग माइल्ड आहे की."

"माइल्ड कोण मागतं? पाणचट लागते म्हणतात."

प्रश्न इथेच तयार झाला. तीन-साडेतीन टक्क्यांच्या आतली, पण पाणचट न लागणारी एक क्राफ्ट बिअर निवडून टॅपवर लावायची. टॅप एकच, त्यामुळे निवडही एकच. मुलीने मुंबई-पुण्याच्या लहान ब्रुअऱ्यांकडून सहा नमुने जमवले आणि चाचणी आखून द्यायला मला बोलावलं. ब्रुअऱ्यांची नावं इथे देत नाही. चाचणी प्रकारांची होती, दुकानांची नव्हती.

आधी हिशेब मांडला, कारण मालकांना "कमी अल्कोहोल विकून धंदा कसा वाढणार" हे पटत नव्हतं. ६५० मिलीची ८ टक्क्यांची बाटली म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ३३० मिलीचा ३ टक्क्यांचा ग्लास म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. असे तीन ग्लास घेतले तरी साडेतेवीसच्या आत, म्हणजे एका स्ट्राँग बाटलीच्या निम्म्याहून थोडं जास्त. तीन ग्लास बिलात तीनदा लागतात, आणि प्रत्येकासोबत काहीतरी तळलेलं मागवलं जातं. यावर मालक काही बोलले नाहीत, फक्त कॅल्क्युलेटर स्वतःकडे ओढून तोच हिशेब पुन्हा केला. (तीन ग्लासांनंतर गाडी चालवायला हरकत नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि ती गाठायला फार लागत नाही.)

लेबलवरून काही कळत नाही

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत ०.५ टक्क्याच्या वर गेलं की ते मद्य. बिअरमध्ये ५ टक्क्यांपर्यंत रेग्युलर, त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग. म्हणजे २.८ टक्क्यांची आणि ४.९ टक्क्यांची बिअर एकाच खान्यात बसते, आणि डब्यावर बहुतेक वेळा "५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही" एवढंच छापलेलं असतं. म्हणून ब्रुअर्सकडून आम्ही दोन आकडे मागितले: आंबवण्याआधीची घनता आणि आंबवून झाल्यावरची. दोन्हींतल्या फरकाला १३१.२५ ने गुणलं की टक्केवारी निघते. उदाहरणार्थ (पाणी १.००० धरून) १.०३६ वरून १.०१४ वर थांबलेली बिअर २.९ टक्के भरते.

त्या आकड्यांतून अजून एक गोष्ट दिसते, आणि माझ्या मते टक्क्यांपेक्षा तीच महत्त्वाची आहे: शेवटी उरलेली घनता. नेहमीची लागर १.०१० किंवा त्याच्याही खाली उतरते. कमी अल्कोहोलची बिअर करताना ब्रुअर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, कमी घालतो, आणि नुसतं तेवढंच करून थांबला तर हातात येतं ते पाणी. म्हणून तो मॅशचं, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टच्या लगद्याचं, तापमान चढवतो. ६० ते ६५ अंशांच्या आसपास बीटा-अमायलेज हे एन्झाइम जोरात असतं आणि स्टार्चमधून यीस्टला खाता येईल अशी माल्टोज काढत राहतं. ७० च्या पुढे ते लवकर निकामी होतं, काम अल्फा-अमायलेजवर पडतं, आणि मागे लांब साखळीची डेक्स्ट्रिन्स उरतात. यीस्ट ती खात नाही. ती फारशी गोडही लागत नाहीत, पण तोंडात बिअरला अंग देतात. त्यात ओट किंवा गहू घातला की आणखी थोडी साय आल्यासारखी होते. "पाणचट" या तक्रारीवरचं उत्तर बरंचसं इथे, मॅशच्या भांड्यातच ठरलेलं असतं.

सहा नमुने असे होते. कोकम घातलेली, बर्लिनर वाइसच्या वळणाची आंबट गव्हाची बिअर, ३ टक्के. भरपूर हॉप्सची (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) सेशन पेल एल, म्हणजे एका बैठकीत दोन-तीन घेता येतील अशी हलकी, ३.४. ओट घातलेली टेबल बिअर, म्हणजे जेवणासोबत घ्यायची हलकी, २.९. डार्क माइल्ड, म्हणजे इंग्लंडकडची काळसर हलकी बिअर (आपल्याकडे 'माइल्ड' म्हणतात ती वेगळी), ३.१. ओकच्या धुरावर वाळवलेल्या गव्हाच्या माल्टची ग्रोजिस्किए, २.८, हा मूळचा पोलंडमधल्या ग्रोजिस्क गावचा प्रकार. आणि डब्यातली बिनअल्कोहोलची, ०.५ च्या आतली. सातवी मी गुपचूप घातली: बाजारात मिळणारी ४.८ टक्क्यांची साधी लागर. तुलनेला खुंटी म्हणून. ती आहे हे चाखणाऱ्यांपैकी कुणाला माहीत नव्हतं.

डार्क माइल्डबद्दल एक अवांतर. इंग्लंडमध्ये ती कारखान्यांतल्या आणि खाणींतल्या कामगारांची बिअर होती. पहिल्या महायुद्धात सरकारी निर्बंधांनी तिथल्या बिअर पातळ झाल्या, आणि माइल्ड पुढेही तशीच हलकी राहिली. पाळी संपवून आलेला माणूस दोन-तीन पाइंट घेऊन घरी जेवायला जायचा. गिरणगावात मात्र कामगाराच्या वाट्याला देशी आली. मालकांना हे सांगितलं तेव्हापासून त्यांचा जीव माइल्डवर जडला, आणि पुढे निर्णयाच्या वेळी तो थोडा आडवाही आला.

पहिली फेरी: घोटभर

मे महिना, मंगळवार, दुपारी चार. रूम उघडायच्या आधीची वेळ. चाखायला बारा जण: नेहमीची गिऱ्हाईकं, स्वयंपाकघरातले दोघे, बारमन, आणि इथे आयुष्य घालवलेले वेटर, ज्यांना मालकांपासून सगळेच मामा म्हणतात. सगळे पंचविशीच्या पुढचे, परवानेवाले. मुलगी ओतत होती, तिला कुठली कुठे आहे ते माहीत होतं, म्हणून तिचं मत धरलं नाही.

काचेच्या ग्लासांऐवजी पाण्याचे स्टीलचे पेले घेतले. रंग दिसला की जीभ गप्प बसते आणि डोळे बोलायला लागतात. पेल्यांवर क-ख-ग लिहिलं नाही, तीन आकडी नंबर चिकटवले. 'क' म्हटलं की उगाच पहिला नंबर वाटतो. प्रत्येक पेल्यात ६० मिली, साधारण ८ अंशांवर. प्रत्येकाला क्रम वेगळा, कारण पहिल्या पेल्याला नेहमी फुकटचे गुण मिळतात. मधे खायला बिनमिठाचे कुरमुरे आणि साधं पाणी. मसाला शेंगदाण्यांच्या वाट्या मामांनी सवयीने मांडल्या होत्या, त्या उचलायला लावल्या. त्यांना ते आवडलं नाही. "चखण्याशिवाय बिअर कोण पितं?" असं पुटपुटले. तो प्रश्न बरोबर होता, पण त्याची वेळ पुढच्या आठवड्यात येणार होती.

गुणांचे तक्ते मी देत नाही. दहापैकी साडेसहा म्हणजे काय, हे दोन माणसांचं कधी जुळत नाही. विचारलं एवढंच: कुठल्या तीन पुन्हा घ्याल, कुठली परत पाठवाल, आणि सर्वांत कडक कुठली वाटली.

घोटभराच्या फेरीत कोकमवाली आणि पेल एल सरळ पुढे निघाल्या. कोकमाचा आंबटपणा उन्हातून आलेल्या तोंडाला लगेच भावला, आणि पेल एलचा मोसंबीच्या सालीसारखा वास पेला नाकाशी नेण्याआधीच पोचत होता. टेबल बिअरला कुणी नाव ठेवलं नाही, कुणी वाखाणलंही नाही. माइल्डला "करपट पाव" असा शेरा मिळाला. ग्रोजिस्किएने पंगत दुभंगली: आचाऱ्याला ती फार आवडली, सुकटीच्या खोलीची आठवण झाली म्हणाला, दोघांनी त्याच कारणाने परत पाठवली. कोकमवालीनंतर जी कुठली बिअर आली ती बिचारी गोड आणि सपक ठरली. क्रम फिरवला नसता तर कुणा एकीवर अन्याय झाला असता.

बिनअल्कोहोलची सगळ्यात मागे राहिली. तिच्यात उकळलेल्या माल्टचा, बिस्किटाच्या ओल्या पिठासारखा वास होता. याला कारण आहे. हा वास आल्डिहाइड नावाच्या काही रसायनांचा असतो. नेहमीच्या आंबवण्यात यीस्ट त्यांतली बरीचशी संपवतं, आणि जी उरतात त्यांना अल्कोहोल द्रवात धरून ठेवतं. आंबवणं अर्ध्यात थांबवलं की आल्डिहाइडं जास्त उरतात, आणि धरून ठेवणारं अल्कोहोलही नसतं, म्हणून ती थेट नाकात. मामांना मात्र ती बरी वाटली. लहानपणी दुधात घालून मिळायची ती माल्टची पूड आठवली. मामा गेली अनेक वर्षं पीत नाहीत, चाचणीपुरते घोट घेत होते, आणि न पिणाऱ्याचं मत अशा बिअरला लागतंच. मुलीने ती बिअर टॅपच्या शर्यतीतून काढली, पण डबे फ्रिजमध्ये ठेवायचं ठरवलं.

कडकपणाच्या प्रश्नाचं उत्तर मजेदार निघालं. पेल्यांतून पिताना बहुतेकांनी पेल एलवर बोट ठेवलं, ४.८ ची लागर फार थोड्यांनी ओळखली. कडूपणाला लोक कडकपणा समजतात. मग त्याच बिअर काचेत ओतून पुन्हा विचारलं, तेव्हा काळसर दिसणारी माइल्ड एकदम सर्वांत कडक ठरली. ३.१ टक्के! एकाने तर "ही चढेल" म्हणून ग्लास बाजूला सारला.

त्या संध्याकाळी मुलगी पेल एलची ऑर्डर द्यायला निघाली होती. मी थांबवलं. साठ मिलीत जिंकणारी बिअर ही लक्ष वेधणारी बिअर असते. सात जणींच्या रांगेत जिचा आवाज मोठा ती निवडली जाते. बारमध्ये लाकडी पाटीवर चार-पाच छोटे ग्लास मांडून देतात, ते विक्रीला उत्तम, पण तिथे आवडलेली बिअर पूर्ण ग्लासभर आवडेलच असं नाही. स्ट्राँग बिअरच्या बाबतीत हा दोष खपून जातो, कारण ती तशीही एकच घेतली जाते. इथे सगळा डाव दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्लासावर होता.

दुसरी फेरी: ताटासोबत

दुसरी फेरी त्याच महिन्यात उरकावी लागली. १ जूनपासून मासेमारी बंद होते, आणि ताजा बोंबील हवा होता.

या वेळी खाली, नॉन-एसीत, पंख्याखाली. तिथेच ती बिअर विकली जाणार होती. लागर आणि बिनअल्कोहोलची बाहेर. ग्रोजिस्किए आचाऱ्याच्या नाराजीसह बाहेर. उरल्या चार. प्रत्येकाला त्यांतल्या दोन, एकामागून एक, पूर्ण ३३० मिलीचे ग्लास, नंबर लावलेले. सोबत बोंबील फ्राय, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, कोळंबीचं कालवण-भात, आणि मामांच्या समाधानासाठी मसाला शेंगदाणे. दोन ग्लास झाल्यावर तिसरा हवा असेल तर चारांतला कुठलाही मागायची मुभा. वेळ दोन तास. येताना सगळे लोकलने आले होते, गेलेही तसेच.

प्रश्नपत्रिका नव्हती. ग्लास उचलला की उरलेली बिअर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची, एवढंच. माणूस तोंडाने "छान आहे" म्हणतो आणि ग्लासात बोटभर सोडतो. तेव्हा मी ग्लासावर विश्वास ठेवतो.

सर्वांत जास्त उरली कोकमवाली. पहिल्या काही घोटांना तिच्यासारखी दुसरी नव्हती. बोंबलाच्या कुरकुरीत रव्यावर तर ती लिंबू पिळल्यासारखी बसत होती. पण आंबट साठत जातं. अर्ध्या ग्लासानंतर दात आंबायला लागले, आणि कालवणातल्या कोकमावर पुन्हा बिअरमधलं कोकम नको झालं. तिसरा ग्लास म्हणून ती कुणीच मागितली नाही.

पेल एलचं बिनसलं ते तिसऱ्यांच्या सुक्यावर. मालवणी मसाल्याचा तिखटपणा, हॉप्सचा कडूपणा आणि बिअरमधला वायू एकमेकांना चढवतात. कार्बोनिक आम्ल जिभेवर टोचतं, तिखट आधीच टोचत असतं, वर कडू मागे रेंगाळतं. अल्कोहोलही तिखटाची आग वाढवतं, त्यामुळे स्ट्राँग बिअरपेक्षा या सगळ्याच सौम्य होत्या, पण चौघींत पेल एलनेच पाणी मागायला लावलं. शिवाय ग्लास गरम होत गेला तसा मोसंबीचा वास उडाला आणि कडू तेवढं उरलं. मुंबईच्या मे महिन्यात पंख्याखाली ग्लास किती वेळात कोमट होतो, हे आठ अंशांवर चाखणाऱ्याला कळणार नाही.

टेबल बिअरचे ग्लास रिकामे परत आले. पहिल्या फेरीत जिच्याबद्दल कुणी बोललं नव्हतं ती तिसऱ्या ग्लासासाठी सर्वांत जास्त मागितली गेली. ओटमुळे तिखटाला आवर बसत होता, कडूपणा बेताचा, आणि कोमट झाल्यावर थोडा लवंगेसारखा वास वर आला, तो मसाल्याशी भांडला नाही. दुसऱ्या क्रमांकावर माइल्ड. "करपट पाव" म्हणणाऱ्यानेच भाजलेल्या शेंगदाण्यांसोबत ती संपवली. थंड असताना माइल्ड बंद राहते. तापमान चढलं की खुलते. नॉन-एसीत तिला तो फायदा मिळाला.

"मग माइल्डच लावू," मालक म्हणाले. "फरक कितीसा आहे?"

फरक खरंच फार नव्हता. एवढ्या माणसांवरून पहिली-दुसरी ठामपणे सांगता येत नाही, हे मीही मान्य केलं. निर्णय पुरवठ्यावर झाला: माइल्ड करणारा ब्रुअर ती अधूनमधूनच करायचा, टेबल बिअरवाला दर पंधरवड्याला केग, म्हणजे टॅपला जोडायचं बिअरचं पिंप, देऊ शकत होता.

केग कुठे ठेवायचा

इथे प्रकरण संपलं असं मुलीला वाटलं, पण मला साठवणीची धास्ती होती. अल्कोहोल आणि हॉप्स हे दोन्ही बिअरला नासण्यापासून वाचवतात. या बिअरमध्ये दोन्ही कमी, खायला डेक्स्ट्रिन्स भरपूर, आणि पाश्चरायझेशन नाही. भलतं यीस्ट किंवा जंतू शिरले तर जी डेक्स्ट्रिन्स नेहमीच्या यीस्टला पचत नाहीत ती ते पचवू शकतात. मग अंग जातं, आंबटपणा येतो, टक्केही वाढतात. शिवाय उष्णतेत बिअर लवकर जुनी होते आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते.

रूमच्या मागच्या कोठारात एसी नाही. एक केग तिथे दोन आठवडे ठेवला, त्याच घाण्यातला दुसरा कूलरमध्ये. मग त्रिकोणी चाचणी: प्रत्येकाला तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर येतोच, म्हणून बारांपैकी निदान आठ जणांनी ओळखलं तरच फरक खरा धरायचा. त्याहून जास्त जणांनी ओळखलं, आणि दोघांनी विचारलं की या पेल्यात शिळं काही आहे का. मालकांनी वाद न घालता कूलरमधली जागा रिकामी केली. पन्नास लिटरऐवजी वीस लिटरचे केग मागवायचे ठरले; भाव थोडा चढा पडतो, पण उघडलेला केग लवकर संपतो.

कोकमवाली सोडवत नव्हती, म्हणून तिचे थोडे डबे ठेवले. फक्त बोंबील मागवणाऱ्याला, लहान ग्लासात, जेवणाच्या सुरुवातीला.

मेनू कार्डवरून बापलेकीचं जरा वाजलं. मुलीला टक्के छापायचे होते, कारण गिऱ्हाईकाला ते कळायलाच हवेत. मालकांचं म्हणणं, २.९ वाचून चाळीतले काका पान उलटतील. छापले. काकांनी पान उलटलं. "अरे, मग सरबतच दे ना," असं एकाने मामांना सुनावलं. मामांनी यावर स्वतःचा मार्ग काढला: आधी दोन घोट चवीला ओततात, आवडली म्हटलं की कार्डावर बोट ठेवून आकडा दाखवतात. लपवाछपवी नाही, फक्त क्रम बदलला. शेंगदाण्यांच्या वाट्या उचलायला लावल्यावरून माझ्यावर नाराज झालेले तेच मामा.

मालकांच्या डोक्यातून माइल्ड अजून गेलेली नाही. दुसरा टॅप बसवायचा आणि ब्रुअरशी वर्षाचा करार करायचा, असं त्यांचं चाललंय. ते गणपतीनंतर. त्या दहा दिवसांत लालबागच्या रस्त्यांवर केगची गाडी आत येत नाही.